हरिओमची कुंडी

हरिओमनं पहिली कुंडी केली ती स्वतःच्याच रोपवाटिकेसाठी. मोताळ्याहून थोडं आत त्याचं गाव. तिथं तो मिरची, वांगी, पपईची रोपं तयार करून विकायचा. रोप लावलं की लोक त्याची काळी प्लास्टिकची पिशवी फाडून बांधावर फेकत. वाऱ्यानं त्या पिशव्या विहिरीत पडत, गुरांच्या पोटात जात. त्याची एक दुभती गाय पिशव्या खाऊनच मेली होती. दुसरीकडे, कापूस निघाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून पेटवून द्यायची, हा साऱ्या मुलखाचा रिवाज. हरिओमनं त्या पऱ्हाटीचा भुसा केला, त्यात शेण कालवलं, चिंचोक्याची खळ घातली आणि वेल्डिंगवाल्याकडून एक दाबयंत्र करून घेतलं. रोप कुंडीसकट जमिनीत लावायचं. कुंडी हळूहळू मातीत मिसळून जायची.

खळ किती शिजवायची ते त्याच्या बायकोनं, योगिनीनं शोधून काढलं. कच्ची राहिली तर कुंडी पाण्यानं ओघळे, जास्त शिजली तर मुळं आतच अडकत. कितीतरी खेपा वाया गेल्या. अखेर एका सकाळी हरिओम अंगणातूनच ओरडला, "योगिनी, लवकर ये वं! पाह्य, कसं डोकावून राह्यलं!" कुंडीच्या भिंतीतून पपईचं पांढरं मूळ बाहेर आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या घरात मूल नव्हतं. दोघं त्या मुळाशेजारी उकिडवे बसून राहिले, सासूबाई चहाला हाका मारत होत्या तरी.

पुढं गावातल्या बायका कामाला येऊ लागल्या. झुंबरबाई त्यांची म्होरकी. गोठ्यात यंत्र चाले आणि बायकांची गाणी चालत. "पुऱ्या महाराष्ट्रातलं रोप आपल्या कुंडीत गेलं पाह्यजे," हरिओम म्हणायचा. झुंबरबाई हसायची, "आन् मंग आम्ही का मुंबईले कुंड्या थापाले जायचं का, भाऊ?"

बुलढाण्याला कृषी प्रदर्शन होतं. हरिओम टेम्पोत कुंड्या भरून निघाला आणि राजूरच्या घाटात टेम्पो उलटला. योगिनी पोचली तेव्हा त्याला नेलेलं होतं. उतारावर फुटक्या कुंड्यांचा खच पडला होता आणि त्यात कुणाची तरी शेळी तोंड घालत होती.

तेराव्यानंतर तिनंच गोठा उघडला. घरात सासूबाई रडत, तेव्हा ती त्यांना धरून बसे; स्वतःला रडायला गोठाच बरा पडे. यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू येत नसे. एक हंगाम तिनं रेटला. पण मोठ्या रोपवाटिका एकाच वेळी ट्रकभर कुंड्या मागत आणि एका यंत्रावर तेवढ्या होत नसत. पावसाळ्यात तर त्या वाळतच नसत. माणसं निराश होऊन परत जात.

तेव्हा शेखर आला. शेतीमालाच्या एका बड्या कंपनीतला, बोलायला गोड आणि मनानं सरळ पोरगा. कंपनी कुंडीचे सगळे हक्क घेणार, इथंच कारखाना काढणार, बायकांना कायमचं काम देणार, फक्त सही याच आठवड्यात हवी, असं त्यानं सांगितलं. त्यालाही तसंच सांगितलेलं होतं.

सासूबाई, अन्नपूर्णाबाई, दारात बसून ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "पोरी, त्याह्यले एवढी घाई काऊन झाली?"

"आई, मी किती करू एकटी? तुमच्या लेकाची कुंडी सगळीकडं जाईन."

"जाईन तं चांगलंच हाये." म्हातारी आत निघून गेली.

योगिनीनं करारावर सही केली. आपण स्वतः अशी कुंडी पुन्हा करायची नाही, हेही त्यात होतं. कंपनीचा ट्रक येऊन यंत्र घेऊन गेला. झुंबरबाईनं जाण्याआधी यंत्राला हळदकुंकू लावलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. कारखान्यासाठी कुणी जागाही पाहायला आलं नाही. शेखर आधी फोनवर "होईल ताई" म्हणायचा, मग फोन उचलेना. शेवटी एक दिवस तो स्वतःच दारात उभा राहिला. त्यानं नोकरी सोडली होती.

"ताई, काळ्या पिशव्यांचा कारखाना त्यांचाच आहे, दुसऱ्या नावानं," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमची कुंडी त्यांना काढायची नव्हतीच. बाजारात येऊ नये म्हणून घेतली. मला खरंच माहीत नव्हतं."

योगिनीनं त्याला पाणी दिलं.  दुसऱ्या दिवशी ती अकोल्याची गाडी धरून कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं तिला बसवलं, चहा मागवला.

"यंत्र तं वापस द्या," ती म्हणाली. "तुमाले लागत नाही ना?"

"ते आता कंपनीचं आहे, मॅडम. योग्य वेळ आली की उत्पादन सुरू करू."

"कवा येईन वेळ?"

साहेब हसला. तिनं यंत्र पाहायचा हट्ट धरला, तेव्हा पहारेकऱ्यानं गोदाम उघडलं. खतांच्या पोत्यांमागं ते उभं होतं, गंजलेलं. तिनं दांडा धरून ओढून पाहिला. तो हलला नाही. पहारेकरी म्हणाला, "चला बाई, कुलूप लावायचं हाये." ती चालू लागली.

परतताना गाडीच्या खिडकीतून धूर आत येत होता. रानोरान पऱ्हाटी पेटल्या होत्या. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला आणि काच ओढून घेतली.

झुंबरबाई आणि दोघीतिघी पुढं मोताळ्याच्या एका रोपवाटिकेत रोजानं जाऊ लागल्या. मृगाआधी योगिनीही त्यांच्यात जाऊन बसली. दुसरं काम तिला येतही नव्हतं. समोर मातीचा ढीग, हाताशी काळ्या पिशव्यांचा गठ्ठा. पिशवी फुंकून उघडायची, माती भरायची, ठोकून बसवायची. बायका गात नव्हत्या.

रामराव, हरिओमचं जुनं गिऱ्हाईक, पपईची रोपं न्यायला आला. तिला पाहून थबकला. "वयनी, ती हरिओमची कुंडी नाही का आता? लई चांगली होती."

झुंबरबाईचा हात थांबला. ती योगिनीकडं पाहू लागली.

"नाही भाऊ," योगिनी म्हणाली. "बंद झाली."

"काऊन?"

तिनं पुढची पिशवी फुंकून उघडली.  रामरावनं रोपं मोजून घेतली, गाडीत लावली आणि तो गेला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. योगिनीनं हात धुवायला घेतले. म्हातारी शेजारी बसली, तिचा हात आपल्या हातात घेऊन नखांतली माती काढू लागली. "माहा पोरगा गेला तवा तू मले रडू देल्लं," ती म्हणाली. "आता तू रड."