इसेयिनहून आलेले फोन

लेगॉस परवडेनासं झालं तशी तिथल्या मुशिन वस्तीतल्या त्या बैठ्या चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून इसेयिन गावी निघाली, आणि शेवटी इबिरोंकेची लेक फोलाके हिनेही गाद्या-भांडी टेम्पोत चढवून तिकडचीच वाट धरली. इबिरोंके मात्र हलली नाही. तीस वर्षं त्याच ओसरीत स्टूल टाकून तिने बायकांच्या वेण्या घातल्या होत्या, नवऱ्याला इथेच मूठमाती दिली होती. घरमालकाने पाणी तोडलं तशी ती रस्त्यापलीकडून बादल्या आणू लागली.

"आई, हट्ट सोड," फोलाके निघताना म्हणाली.

"तुम्ही जा. शहराने इबिरोंकेला हाकललं, असं मी कुणाला म्हणू देणार नाही."

आठवड्याने जुनी शेजारीण सिकिरात हिचा इसेयिनहून फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर ती सहज म्हणाली, मावशी, काल तुम्ही घातलेल्या वेण्या इतक्या घट्ट बसल्यात की डोकं अजून ठणकतंय. बाई चळली, असं म्हणून इबिरोंके हसली. पण चार दिवसांनी कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्या शिंप्यानेही फोन केला. परवा तिथल्या बाजारात तिने त्याला सुरणाचा गड्डा दिला होता म्हणे, त्याचे आभार मानायला.

मग तिने लेकीचा नंबर लावला. भर दुपार होती. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"काय गं आई," फोलाके म्हणाली, "आतल्या खोलीतून फोन कशाला करतेस? हाक मार ना."

दाराची चौकट धरून इबिरोंकेने एवढंच म्हटलं, "आत जा. जी बसलीय तिच्या हातात फोन दे."

पावलं वाजली, दार करकरलं आणि कानाशी श्वास आला. जरा धापेचा, उजव्या नाकपुडीत बारीक शिट्टी वाजणारा, तिचाच.

"मी इबिरोंके," तिने ठणकावून सांगितलं. "लेगॉसमध्ये आहे, माझ्या घरात. तू कोण?"

मग पलीकडे दुरून नातीने विचारलं, "आजी, कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही गं," इबिरोंकेचाच आवाज म्हणाला. "राँग नंबर."

फोन कट झाला. इबिरोंकेने स्टूल ओसरीच्या मधोमध ओढलं, पाठ ताठ करून बसली आणि तोच नंबर पुन्हा लावला.