"सगळं जमतं"

आमच्या ह्यांना कंपवात आहे. चमचा तोंडापर्यंत पोचेतो निम्मं जेवण शर्टावर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि आता साधी सही करायची मारामार. पण कुणी विचारू दे, "कसं काय?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मजेत! सगळं जमतं!"

त्या 'जमतं'नेच घात केला. मदतनीस भत्त्यासाठी तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही हे तेच बोलले आणि अर्ज नामंजूर झाला. आता अपिलाची सुनावणी, म्हणजे शेवटची संधी. भत्ता मिळाला तर ह्यांच्यासाठी माणूस ठेवता येणार होता आणि मला लॉन्ड्रीत कामावर परत जाता येणार होतं. लवकर आली नाहीस तर तुझी जागा दुसऱ्या कुणाला देईन, असं मालकाने बजावलं होतं.

"तिथे खरं बोलायचं, कळलं?" निघताना मी दम भरला.

"मी कधी खोटं बोललोय?"

घ्या!

सुनावणीच्या मॅडम टेबलापलीकडे बसल्या होत्या. "शर्टाची बटणं कोण लावतं?"

"मीच."

"दाढी?"

"मीच की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मध्ये बोललात तर बाहेर बसवू, अशी ताकीद मिळालेली. आणि मी तरी काय शहाणी! चारचौघांत नीट दिसावेत म्हणून ह्यांना नवरदेवासारखं सजवून आणलेलं. कडक इस्त्री, भांग, गुळगुळीत दाढी. ह्या माणसाला आजारी कोण म्हणेल?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आटोपलं.

"बाई, तुमचे हात जरा मागे घेता का?"

"माझे? ते कशाला?"

"आल्यापासून बघतेय. यांचा चष्मा तुम्ही सारखा केलात, बाटलीचं झाकण उघडलंत, पाणी पिताना मनगट धरलंत, हनुवटी पुसलीत. आता त्यांचं त्यांना करू द्या."

शपथेवर सांगते, यातलं एकही मला आठवत नव्हतं. मी हात पाठीमागे घेतले.

मॅडमनी ह्यांना वरचं बटण काढून परत लावायला सांगितलं. हे हसतच सरसावले. बटण निघालं कसंबसं. लागेना मात्र. बोटं काजापाशी जायची आणि घसरायची. कपाळावर घाम आला. मग ह्यांचा डावा हात सवयीने बाजूला वळला, माझा हात शोधत. तो तिथे नव्हता. मला रडूच फुटलं. वाटलं, खड्ड्यात गेला तो भत्ता, उठावं आणि लावून द्यावं.

"नाही जमत," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. "हीच करते सगळं. मला वाटायचं, मीच करतोय."

मॅडमनी पेन उचलून कागदावर सही केली. अपील मंजूर केल्याचं सांगितलं आणि आम्हाला जायला मोकळं केलं.

बाहेर बाकावर बसून मी ते बटण लावलं. आता चांगलं झापावं म्हणून तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा हात धरला. लॉन्ड्रीत भाजल्याचे डाग, सुजलेली पेरं, सगळं निरखून पाहिलं.

"दुखतात का गं?"

छे, काही नाही हो, असं म्हणणारच होते. अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखतात," मी म्हटलं. "फार दुखतात."