टेबलाएवढी जागा

माझ्या भाचीला घरात सगळे पिटुकली म्हणतात आणि ती चिडते. सोळा वर्षांची झाली तरी उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी. इस्पितळाच्या धुलाईखात्यातलं काम आटोपून आठवड्यातून तीनदा मी एका जुन्या गोदामात पोरींना पाच-पाच जणींचा फुटबॉल शिकवते. सात वर्षं झाली. तिथे पिटुकलीच्या पायातून चेंडू कुणी काढून दाखवावाच. मलाही जमत नाही, आणि मी काही ऐरीगैरी खेळाडू नव्हते.

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, वेल्डर. त्याला हे सगळं थोतांड वाटायचं. "ताई, विहिरीत पोहून समुद्र कळतो होय?" शहराच्या संघाची निवड चाचणी लागली तेव्हा त्याने निक्षून सांगितलं, "यंदा नाव आलं तर ठीक. नाही तर खेळ बंद, अभ्यास एके अभ्यास." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

त्याला काय समजावणार? आमचा चेंडू लहान, फारसा न उसळणारा. पायाशी ठेवावाच लागतो. जागा चाळीस पावलांची, कुणी ना कुणी सतत अंगावर येतं. चेंडू येण्याआधीच मान वर करून बघितलं नाही तर गेलाच. विचार करायला वेळ हवा असेल तिने बुद्धिबळ खेळावं, असं मी पोरींना सांगते.

चाचणी मोठ्या मैदानावर, अकरा-अकरा जणींची. दहाव्या मिनिटाला चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. पिटुकली धावली, चेंडू रेषेवर ठेवला आणि चक्क पायाने आत मारला! आमच्याकडे तसाच मारतात, तोही चार सेकंदांच्या आत. मोठ्या मैदानावर तो दोन्ही हातांनी डोक्यावरून टाकायचा असतो. शिट्टी वाजली. पोरी खिदळल्या. निवड करणारे सर म्हणाले, "हॉलमधली दिसतेय," आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"हेच शिकवलंस?" भाऊ म्हणाला.

एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण चूक माझीच होती. सात वर्षांत सगळं शिकवलं आणि एवढं साधं सांगायचं राहिलं. आता माझ्यामुळे पोरीचा खेळ सुटणार होता.

पोरगी मात्र तशीच पळत होती. चार सेकंदांत वाढलेल्या मुलीला रुसायला वेळ नसतो.

सामना संपत आला असताना उजव्या कोपऱ्यात तिघींनी तिला घेरलं. पाठीशी रेषा, पुढे तीन धिप्पाड पोरी, मध्ये जेवणाच्या टेबलाएवढी जागा. दुसरी कुणी असती तर चेंडू बाहेर फटकावून मोकळी झाली असती. हिने तो तळव्याखाली दाबला. एक जण झेपावली तसा मागे ओढला, दोघींच्या मधून साथीदारणीला दिला, स्वतः निसटून पुढे गेली, परत घेतला आणि पाय मागे न नेताच बुटाच्या टोकाने गोलात घातला. गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही.

सर खुर्चीतून उठले. सामना संपल्यावर त्यांनी तिला बोलावलं. "एवढ्या गर्दीत तुला जागा दिसली कुठे?"

"भरपूर होती की, सर," पिटुकली म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

यादीत तिसरं नाव तिचं निघालं. मला रडू कोसळलं, आणि मी ते लपवलंही नाही. माझी पोर होती ती!

सरांनी फॉर्म दिला. भावाने सही केली. खाली क्लबच्या नावाचा रकाना होता. आमचा कसला आलाय क्लब! "सोड रिकामा," मी म्हटलं. त्याने तिथे ठळक अक्षरांत लिहिलं, 'आत्या'.

सरांनी चष्मा वर केला. "हा कुठला क्लब?"

"आमच्या घरचा," भाऊ म्हणाला. "सात वर्षं चालू आहे, सर. मलाच आज कळला."