मला खरवडा, धुऊ नका

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावात ग्रोझदाना होती, तिची सून रूस्का होती, कुंपणापलीकडे शेजारीण कुना होती. आणि या तिघींच्या मधे मी होते. मी बीच नावाच्या झाडाच्या खोडातून कोरलेली, होडीसारखी लांब काठवट बोलतेय.

ग्रोझदाना सतरा वर्षांची नवरी होऊन आली, तेव्हापासून त्र्याण्णव वर्षांची होईपर्यंत दर शनिवारी माझ्यात पीठ मळत होती. मळून झालं की हाताच्या कडेनं पिठावर क्रूस काढायची आणि म्हणायची, "फुग बाई, पोरं भुकेली आहेत." तिची पाचही लेकरं माझ्यात निजली. धाकटं एक उठलंच नाही. त्या शनिवारीही ती मळायला बसली. पिठात त्या दिवशी मीठ घालावं लागलं नाही.

तिनं मला कधी धुतलं नाही. लोखंडी पात्यानं खरवडायची आणि कोपऱ्यात आंबट पिठाचा एक गोळा ठेवायची. पुढच्या पावाचं विरजण ते. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं.

कुनाशी मात्र अकरा वर्षं अबोला. कुनाच्या बकरीनं हिचा घेवडा खाल्ला, एवढंच कारण. मग मांजराला ओरडून सांगायची, "सांग गं त्या बाईला, धूर इकडे येतोय!" पलीकडून कुना बकरीला म्हणायची, "सांग तिला, वारा काय माझी सून आहे, माझं ऐकायला!"

ग्रोझदाना गेली. शवपेटी उंबऱ्याबाहेर पडली की घरातलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, अशी रीत. मृत्यू घरात रेंगाळू नये म्हणून. रडता रडता रूस्कानं उकळतं पाणी आणि राख घेऊन मलाही घासलं. नंतर माझा कोपरा चाचपला. विरजणाचा गोळा राखेच्या पाण्याबरोबर वाहून गेला होता.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं पाव करतात, तो घरच्याच विरजणाचा लागतो. रूस्कानं दुकानातलं खमीर घालून पाहिलं. पाव फुगला, पण घरात वास आला नाही. तिनं तो कोंबड्यांना टाकला.

एकोणचाळिसाव्या दिवशी कुना कुंपणाशी आली. "काय गं, तोंड का असं पडलंय?"

"काकी, मी काठवट धुतली."

"गाढवीण!" कुना तरातरा घरात गेली आणि फडक्याखाली वाडगा घेऊन आली. "घे. तिचंच आहे. मी नवरी होऊन आले, तेव्हा तिनंच माझ्या ओच्यात घातलं होतं. अकरा वर्षं बोलली नाही माझ्याशी. पण पाव भाजला की माझं घर तिच्या घरासारखंच दरवळायचं." मग डोळे पुसत म्हणाली, "हे तिला एकदा सांगायला हवं होतं गं. बकरी तर कधीच मेली."

त्या दिवशी चार हातांनी मळलं. शेवटी क्रूस काढायला रूस्काचा हात पुढे होईना. कुनानं काढला, अगदी ग्रोझदानासारखाच. "फुग बाई," ती पुटपुटली.

लाकडाला रडता येत नाही म्हणतात. माझ्या जुन्या भेगा त्या दिवशी ओल्या होत्या.

आता मी म्हातारी झाले. एकच मागणं आहे बायांनो, मला खरवडा, धुऊ नका. त्या चाळिसाव्याच्या सकाळी पिठावरचं फडकं टोपीसारखं वर आलं होतं, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकच वास होता.