तोंड रस्त्याकडे

मित्रांनो, माझे वय सतरा आहे. माणसांत हे कोवळे वय, पण या वयाच्या डिझेल गाडीकडे लोक भंगाराच्या नजरेने बघू लागतात. मी नागपूरला हुडकेश्वरमध्ये राहते. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. खूप उजेड होता आणि माझ्यासारख्याच बहिणी एकामागे एक सरकत होत्या, एवढे आठवते.

माझे मालक धम्मानंद बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामगारांची बस चालवत. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्या माणसाने स्वतःची घेतली, म्हणून माझे फार लाड झाले. दर रविवारी अंघोळ, वेळच्या वेळी ऑइल. त्यांच्या पत्नी यमुताई पुढे बसून त्यांना रस्ता सांगत आणि अठ्ठावीस वर्षे बस चालवलेला माणूस निमूट ऐके. त्यांची मुलगी दीक्षा माझ्यातूनच शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि पुढे रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. तेव्हा मला स्वतःचा मोठा अभिमान वाटे. आता तसे काही वाटत नाही, पण वाटत असे हे आठवते.

बस ड्रायव्हरांचा एक नियम असतो. गाडी उभी करायची ती तोंड रस्त्याकडे करून. वेळ काही सांगून येत नाही, तेव्हा रिव्हर्स घेण्यात मिनिटे जाऊ नयेत. यमुताईंना छातीचे दुखणे लागल्यापासून धम्मानंद हा नियम जास्तच पाळू लागले. कितीही दमलेले असोत, मला मागे मागे घेत अंगणात लावत आणि मगच घरात जात.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता छान झाला, फक्त घरे खाली राहिली. अंगणातून रस्त्यावर चढायला उतार बांधावा लागला. तेव्हापासून माझे नाक वर आणि शेपूट खाली, असे उभे राहणे आले. त्यानंतर मी सकाळी मधूनच अडू लागले. सेल्फ गरगर फिरे, पण इंजिन पकडत नसे. चार-पाच वेळा चावी फिरवली की चालू होई आणि मग दिवसभर काही तक्रार नसे.

या जानेवारीत एका सकाळी सातच्या सुमारास यमुताईंच्या छातीत कळ आली. दीक्षाने त्यांना धरून आणले, माझ्यात बसवले. धम्मानंदांनी चावी फिरवली. मी चालू झाले नाही. ते फिरवत राहिले आणि शेवटी बॅटरी उतरली. शेजाऱ्याच्या ऑटोतून यमुताईंना नेले, पण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. लवकर आणले असते तर, असे दीक्षाने विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की सांगता येत नाही.

तेव्हा मला काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काहीच वाटले नाही, मित्रांनो. दार उघडे राहिले होते आणि आतला दिवा जळायला बॅटरीत काही उरले नव्हते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले आणि धम्मानंद बोलेनासे झाले. वाढले तेवढे खात, बसवले तिथे बसत. दोन-चार दिवसांतून एकदा एकच प्रश्न विचारत.

"त्या दिवशी काहून नाही झाली वं चालू?"

मग उत्तरही स्वतःच देत. आपला हात थरथरत असेल, इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा विझायच्या आतच आपण चावी फिरवली असेल, अठ्ठावीस वर्षांत न झालेली चूक नेमकी तेव्हाच झाली. दीक्षाला हे पटत नव्हते. दोष गाडीचा होता, बाबांचा नव्हता, एवढे तिला पक्के करायचे होते. ते कळले की बाबा पुन्हा माणसात येतील, असे तिने धरले होते.

म्हणून ती स्वतः गाडी शिकली आणि मला दोन गॅरेजांत घेऊन गेली. एकाने सेल्फ उघडून साफ केला. दुसऱ्याने थंडीचे कारण सांगून चारही हीटर बदलले. दोघांच्याही दारात रात्रभर उभी राहूनही मी एका चावीत चालू झाले. डॉक्टरच्या दारात दात दुखायचा थांबतो ना, तसे. दुसरा तर म्हणाला की गाडीला काही झाले नाही, चालवणाऱ्याला शिकवा. हे वाक्य तिने घरी सांगितले नाही. मी मात्र तरीही अधूनमधून अडतच होते.

तिसरा कृष्णकांत मिस्त्री. बेसा रस्त्यावर टिनाच्या शेडखाली त्याचे गॅरेज आहे. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. गाडी अडते तेव्हा मागून धूर येतो का, एवढेच विचारले. दीक्षाला ते ठाऊक नव्हते. मग त्याने तिला महिनाभर रोजचे लिहून ठेवायला सांगितले. गाडी कुठे उभी होती, कशी उभी होती, धूर आला की नाही. रक्ताच्या नमुन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीला हे काही अवघड नव्हते.

तिला रिव्हर्स मात्र अजून जमत नसे. ती मला तोंड घराकडे करून सरळ आत घाली. काही दिवस मी सकाळपर्यंत तशीच राही. काही दिवस मात्र संध्याकाळी धम्मानंद उठत, मला बाहेर काढत आणि तोंड रस्त्याकडे करून लावत. आता कोणाला न्यायचे होते? तरी लावत. दिवसभरात ते आपणहून एवढेच एक काम करत.

महिन्यात मी सहा वेळा अडले. सहाही वेळा धूर आला नाही. सहाही वेळा आदल्या संध्याकाळी बाबांनी मला फिरवून लावले होते. हे लक्षात आले तेव्हा दीक्षाने बॉनेटवर वही ठेवून सहाही तारखा पुन्हा तपासल्या.

धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही, हे कृष्णकांतने वही पाहून लगेच ओळखले. माझ्या टाकीकडून इंजिनाकडे येणारा रबरी पाइप एका ठिकाणी केसाएवढा चिरला होता. सपाटीवर त्याने काही बिघडत नसे. पण नाक वर करून बराच वेळ उभी राहिले की कधीकधी त्या चिरेतून हवा आत शिरे आणि डिझेल मागे टाकीत उतरे. सकाळी इंजिनाला प्यायला काही उरत नसे. नवा पाइप बसवून हात पुसत तो म्हणाला, "घरी सांगा ताई, पाइप गेला होता. बाकीचं कायले सांगता?"

दीक्षाने तेवढेच सांगितले. धम्मानंद माझ्याजवळ उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारले, "मंग गॅरेजात काहून होत होती चालू?"

तिला खोटे बोलता आले असते. पण बस चालवलेल्या माणसापुढे ते किती दिवस टिकले असते?

"तिथं सपाट जागा हाये, बाबा. आपल्या इथं तोंड वर राहते."

त्यांनी उताराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे तुझ्या आईसाठी तशी लावून ठेवत होतो, अन् त्याच्यानंच."

"पाइप चिरला होता, बाबा. तुमचा हात नव्हता थरथरला."

"नव्हता थरथरला," ते म्हणाले आणि उतारावरच बसले. मग रडले, यमुताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. दीक्षाने त्यांना थांबवले नाही. ती शेजारी बसून राहिली.

आता मला कशीही उभी करा, मी एका चावीत चालू होते. आठवड्यातून एकदा धम्मानंद मला बाजारापर्यंत नेतात. घरात दोन शब्द बोलतात. कोणी माझे कौतुक करत नाही आणि मलाही ते नको आहे.

मित्रांनो, कायमचे बंद पडलेले यंत्र कोणीही दुरुस्तीला नेतो. मधूनच अडणाऱ्याला मात्र सगळे सोडून देतात. तुमच्या घरात शिलाई मशीन असेल, पाण्याची मोटर असेल, नाहीतर आजोबांचे कानाचे यंत्र असेल, ते एकदा जरी अडले तरी का अडले ते शोधा. त्या जानेवारीच्या आधी मी चार वेळा अडले होते. चौथ्या वेळी धम्मानंद म्हणाले होते की आज हिला मिस्त्रीकडे टाकतोच. तेव्हा यमुताई पुढच्या सीटवर बसून पदर सावरत म्हणाल्या होत्या, "झाली न जी आता चालू. चला."