सागिनबाय आबा आधीच येऊन बसले होते

बातमा आपांना पोटाचा कॅन्सर आहे, हे ओश शहरातल्या आमच्या रुग्णालयात त्यांना स्वतःला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे आईलाही आपाच म्हणतात; मुलगी सल्तनतने त्यांना अल्सर सांगितला होता. औषधाचे तीन डोस झाले होते, तीन राहिले होते, आणि आपांनी गाठोडं बांधलं होतं.

"अल्सरला कोणी एवढं झोपवून ठेवतं? वर कुरणावर घोड्या व्यायल्यात. दूध काय तू काढणार? तुला घोडी बघूनच घाम फुटतो," त्या सल्तनतला म्हणाल्या.

दर गुरुवारी मी रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारं माणूस यांना एकत्र बसवून बोलते. बुधवारी सल्तनत आली.

"सांगितलं तर खचतील, नाही सांगितलं तर निघून जातील. दामिराताई, माझ्याने नाही व्हायचं."

वाईट बातमी घरातल्या वडीलधाऱ्याने सांगायची, अशी आमच्याकडची रीत. तिने थोरल्या काकांना, सागिनबाय आबांना, बोलवायचं ठरवलं. मी हो म्हटलं. आबांना बघून आपा काय समजतील, हे इथेच जन्मूनही माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी आपा दारात आल्या. आत आबा उंच पांढरी टोपी घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. शेजारी आणखी दोन म्हातारे. आमच्याकडे म्हातारे असे जमतात, ते कोणी गेल्याचं सांगायला.

"एमिल," आपा म्हणाल्या. त्यांचा मुलगा मॉस्कोत बांधकामावर आहे.

"बातमा, आधी बस."

"बसणार नाही! कुठल्या मजल्यावरून पडला?"

भिंत धरून त्या खाली घसरल्या. ओठ निळे पडले होते. आबा दाढी कुरवाळत शब्द शोधत राहिले.

सल्तनत धावली. "आपा, एमिल जिवंत आहे! कोणी मेलेलं नाही. तुम्हाला कॅन्सर आहे. अल्सर नाही, कॅन्सर."

"शपथ घे."

"रोटीची शपथ."

"फोन लाव त्याला."

एमिल उचलेना. तीनदा. चौथ्यांदा त्याचा वैतागलेला आवाज आला, "आपा, कामावर आहे मी!"

आपांनी फोन ठेवला. मग पोटावर हात ठेवला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"एप्रिलपासून."

"न्हाणीघरात नळ सोडून बसायचीस, ते यासाठी?"

सल्तनतने मान डोलावली.

"आबा, तुम्ही घरी जा. मला आजाराने नाही, तुमच्या टोपीने मारलं असतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "दामिरा, हिला माझ्याजवळ बसव. उरलेल्या तीन डोसांत काय काय होईल, ते दोघींना सांग. सावकाश सांग. मला भीती वाटतेय."