दातवालीची तोंडी परीक्षा

परदेशात भाषा शिकायला गेलेल्या मुलीचा दिवस कसा जातो, असं घरचे मोठ्या कौतुकानं विचारतात. दुकानात बोट दाखवून सामान घेण्यात जातो. सकाळी वर्गात मी तिन्ही काळ घडाघडा म्हणायचे आणि दुपारी साधा कपड्यांचा साबण मागायची वेळ आली की माझी ततपप व्हायची. माझं तोंड बंद करणं आमच्या आईला जन्मात जमलं नव्हतं, ते त्या भाषेनं पहिल्याच आठवड्यात करून दाखवलं.

यावर आमच्या वर्गाच्या बाईंनी उपाय काढला. प्रत्येकानं इथलं एक माणूस धरायचं, रोज अर्धा तास त्याची भाषा बोलायची आणि अर्धा तास त्याला आपली शिकवायची. माणूस धरायचं म्हणजे कुठून धरायचं, ते काही बाईंनी सांगितलं नाही. मी बसस्टॉपवर एका आजीबाईंकडे बघून गोड हसले, तर त्या पर्स छातीशी धरून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

शेवटी काखेत कळसा निघाला. माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहायची, स्वयंपाकघर आमचं दोघींचं मिळून. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, म्हणून आईशी बोलताना मी तिला दातवाली म्हणायचे. तिला म्हणे मराठीच शिकायचं होतं. मी चाटच पडले. जगात एवढ्या भाषा पडल्यात, हिला हेच डोहाळे का लागावेत?

तर बाईसाहेब एका मराठी मुलाच्या प्रेमात होत्या. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, शांत, सज्जन आणि आईला टरकून. मी त्याचं नाव चिरंजीव ठेवलं. लग्न करायचं ठरवून चिरंजीवांनी घरी सांगितलं आणि त्या दिवसापासून आईनं अबोला धरला. वर्ष होत आलं होतं. फोन वडील उचलायचे, पाऊसपाणी बोलायचे आणि ठेवून द्यायचे. आता कुठे वडिलांकरवी आईचा निरोप आला होता, की मुलीशी मी एकदा बोलेन, माझ्या भाषेत बोलेन, आणि तेव्हा त्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरला होता. आईनं नाही म्हटलं तरी लग्न करू, असं चिरंजीव म्हणत होते. दातवाली मात्र तयार नव्हती. आईपासून तोडून आणलेला नवरा मला नको, असं तिनं मला साफ सांगितलं. म्हणजे सगळं त्या एका फोनवर येऊन ठेपलं होतं, आणि तो फोन माझ्या शिकवणीवर. देवा रे.

मी कंबर कसली. गुरू म्हणून मी किती कडक होते ते विचारू नका. "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? आपल्याशी बोलून मला अतिशय आनंद झाला." अशी वाक्यं मी तिच्याकडून घोटून घेतली. ऐकणाऱ्याला वाटावं, आता बातम्या सुरू होणार. सासूबाईंना 'अहो आई' म्हणायचं, आवाज खालचा ठेवायचा, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बिचारी मान डोलवायची आणि मुकाट्यानं म्हणायची. 'वडीलधारी मंडळी' या शब्दापाशी तर तिचं रोज घोडं अडायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या जिभा बाजूला सारणाऱ्या पोरीला स्वतःची जीभ कुठे ठेवावी ते कळेना.

बदल्यात मला काय मिळालं ते ऐका. ती दमून यायची आणि दवाखान्यात दिवसभर जे बोलली तेच माझ्याशी बोलायची. तोंड मोठं उघडा, हलू नका, चूळ भरा. वर्गाच्या तोंडी परीक्षेत बाईंनी मला नव्या शेजाऱ्याचं स्वागत करायला सांगितलं. मी हसतमुखानं म्हणाले, "या, बसा, घाबरू नका, थोडंसंच दुखेल." अख्खा वर्ग हसत सुटला. बाईंनी उच्चार मात्र उत्तम असल्याचं सांगितलं.

या सगळ्यात रोज संध्याकाळी माझ्या आईचा फोन यायचा. मी तेव्हा भांडी घासत असायचे, फोन खांद्याला दाबून धरलेला, आणि दातवाली टेबलाशी बसून जेवत असायची. आईचे प्रश्न ठरलेले, माझी उत्तरं त्याहून ठरलेली. एक कान तिकडे, एक हात साबणात, असा तो कार्यक्रम उरकायचा. दातवाली खाली मान घालून जेवायची. मला वाटायचं, हिचं लक्ष ताटात आहे.

रविवार उजाडला. चिरंजीव सकाळीच येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जणू त्यांनाच दाखवायचं होतं. दातवालीनं केस बांधले, सोडले, परत बांधले. मी साखरेच्या डब्याला फोन टेकवून दिला आणि स्वतः फ्रिजच्या आडोशाला उभी राहिले.

समोर पडद्यावर चिरंजीवांच्या आई दिसल्या. चष्मा, घट्ट मिटलेले ओठ, मागे भिंतीवर घड्याळ. दातवालीनं नमस्कार केला, प्रकृती विचारली, वडीलधारी मंडळीसुद्धा न अडखळता म्हटलं. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. त्या म्हणाल्या, "ठीक." तिनं अतिशय आनंद झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि संपलं. आमची शिदोरी तेवढीच होती. चिरंजीव बूट बघत बसले.

आईंनाही काय बोलावं सुचत नसावं. काही सुचलं नाही की सगळ्या आया जे विचारतात, तेच त्यांनी विचारलं.

"जेवलीस का?"

हे मी शिकवलंच नव्हतं. पण दातवालीचा चेहरा एकदम खुलला. हे तिला येत होतं. तिनं मान तिरकी केली, एक सुस्कारा सोडला, आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "हो गं, जेवले. रोज काय तेच तेच विचारतेस?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. चिरंजीवांनी डोळे मिटून घेतले.

आईंनी हळूच विचारलं, की झोप होते का नीट. दातवाली म्हणाली, होते गं, तू ना, उगाच काळजी करतेस. त्यांनी विचारलं, थंडी आहे का तिकडे. हिनं सांगितलं, आहे, घातलंय मी स्वेटर, लहान आहे का मी आता? मी फ्रिजमागून हातवारे करून दमले. ही बया माझ्याकडे बघेल तर शपथ. आणि वर कळस म्हणजे, सगळी उत्तरं बरोबर आल्याच्या आनंदात ती म्हणाली, "बरं, ठेवू?"

"ठेवू काय ठेवू? आत्ता तर लावलास."

आईंचा आवाज बदलला होता. दातवालीलाही ते कळलं असावं, कारण ती थांबली. हे बोलणं कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. दातवालीनं आनंदानं फोन उचलला आणि थेट फ्रिजमागे माझ्यासमोर धरला. पळायला जागा नव्हती. मी नमस्कार केला आणि चाचरत सांगितलं, की काकू, हे शिकवलेलं नाही, मी आईशी फोनवर बोलते ते हिनं ऐकलंय, माफ करा.

"आईशी अशी बोलतेस?"

"हो," मी म्हणाले. नाही कसं म्हणणार, पुरावा शेजारीच उभा होता. मला मनापासून लाज वाटली आणि त्याच वेळी माझ्या आईची फार आठवण आली.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "आमचाही असाच बोलायचा. रोज. एका वाक्यात वैतागायचा आणि ठेवू का विचारायचा. मीच बोलणं बंद केलं, कबूल आहे. पण वर्ष झालं गं, माझ्यावर कोणी वैतागलं नाही. सगळे माझ्याशी जपून बोलतात. हे जपून जपून बोलतात. आता हीसुद्धा आली ती नमस्कार, प्रकृती करत, तेव्हा वाटलं, झालं, ही पण परकी."

इथे मराठीतसुद्धा माझी ततपप झाली.

"तो तिथेच आहे ना?" त्यांनी विचारलं. "दे त्याला. वर्षभराचं भांडण साठलंय माझ्याकडे."

मी चिरंजीवांच्या हातात फोन दिला आणि दातवालीला ओढत बाहेर नेलं. जिन्यात तिनं घाबरून तिच्या भाषेत विचारलं, त्या फार रागावल्या का? मी म्हणाले, फार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं, अगं वेडे, आमच्यात रागावलेलं माणूस बोलायचं थांबतं. बोलायला लागलं, भांडायला लागलं, की समजायचं राग उतरला. आता लग्नाचे कपडे बघ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, ही भाषा शिकण्याचा निर्णय चुकला तर नाही ना.

दाराआडून आईंचा आवाज येत होता. वजन कमी झालंय, दाढी कसली वाढवलीय, वडिलांशी हवापाण्याचं बोलतोस आणि आईसाठी हट्टानं रोज फोन करता येत नाही का. चिरंजीव नुसते हो हो म्हणत होते, खालच्या आवाजात, जपून. आम्ही दोघी जिन्यात कान लावून उभ्या होतो. बोलणं काही थांबेना. आणि मग, बऱ्याच वेळानं, चिरंजीवांचा आवाज एकदम चढला.

"अगं आई, किती बोलशील!"

यावर आई रडल्या की हसल्या, ते बंद दारातून आम्हाला कळलं नाही. दातवालीनं माझा हात घट्ट धरला आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "मला अतिशय आनंद झाला."